अवटुरोधक औषधांचा इतिहास : गुण, अपाय आणि सावधगिरी

औषधाच्या शोधाचा इतिहास आणि त्याच औषधाच्या निर्धोक वापराचा इतिहास हे दोन भिन्न इतिहास होत. पहिला बहुधा एखाद्या प्रयोगशाळेत, एखाद्या वर्षी घडतो व त्यास एखाद्या संशोधकाचे नाव मिळते. दुसरा अनेक देशांतील रुग्णालयांत, अनेक दशके, अपायांच्या नोंदींतून हळूहळू घडत जातो. त्यास नाव असे मिळत नाही. वैद्यकाच्या इतिहासकारांनी पहिल्याकडे जितके लक्ष पुरविले तितके दुसऱ्याकडे पुरविलेले नाही. अवटु ग्रंथीच्या, म्हणजेच लोकव्यवहारातील थायरॉइडच्या, अतिस्रावावर दिल्या जाणाऱ्या औषधांचा वृत्तान्त या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ही औषधे आज सुमारे ऐंशी वर्षे वापरात आहेत. त्यांची कार्यपद्धती पुष्कळशी उलगडलेली आहे. आणि तरीही त्यांचा निर्धोकपणा शेवटी रुग्णाला वेळीच सांगितलेल्या एका साध्या सूचनेवर अवलंबून राहतो. ही स्थिती कशी उत्पन्न झाली, हे पाहणे अगत्याचे आहे.

१. पूर्वपीठिका : आयोडीनचे दुहेरी रूप

वाढलेली अवटु ग्रंथी, छातीतील धडधड, हातांचा कंप, भूक चांगली असूनही घटणारे वजन आणि पुष्कळदा बाहेर आल्यासारखे दिसणारे डोळे, हा लक्षणसमूह एकाच रोगाचा आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओळखले गेले. इंग्लंडमधील पॅरी या वैद्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये प्रसिद्ध झाली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज याचे वर्णन १८३५ मध्ये, तर जर्मनीतील मेर्सेबुर्ग येथील फॉन बासेडो याचे १८४० मध्ये छापले गेले. इंग्रजी जगात या रोगास ग्रेव्ह्जचे, तर जर्मन जगात बासेडोचे नाव रूढ झाले.

उपचाराचा विचार मात्र या वर्णनांच्याही आधी सुरू झाला होता आणि त्याच्या मुळाशी आयोडीन होते. १८११ मध्ये फ्रान्समधील कूर्त्वा याने हे मूलद्रव्य शोधून काढले. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे या वैद्याने गलगंडावर त्याचा प्रयोग केला व अनेकांच्या गळ्यावरील गाठी उतरल्या. परंतु थोड्याच काळात काही रुग्णांत धडधड, अस्वस्थता व कृशता दिसू लागली. जे द्रव्य ग्रंथीचा एक विकार बरा करते तेच तिचा दुसरा विकार उत्पन्न करू शकते, याचा हा आरंभीचा अनुभव होय. त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. उमटली ती केवळ आयोडीनविषयीची भीती.

या भीतीचा उलट पुरावा एका चुकीतून पुढे आला. पॅरिसचा विख्यात चिकित्सक ट्रूसो याने एका स्त्रीस डिजिटॅलिसचा अर्क लिहून द्यावयाचा ठरविले होते. लिहिला गेला आयोडीनचा. रुग्ण सुधारली. चूक लक्षात आल्यावर त्याने औषध बदलून डिजिटॅलिस दिले, तेव्हा नाडीची गती पुन्हा वाढली. स्वतःची चूक ट्रूसोने आपल्या व्याख्यानांत प्रांजळपणे नोंदविली, म्हणूनच ती इतिहासाला उपलब्ध झाली. तिचा सुव्यवस्थित उपयोग होण्यास १९२३ हे वर्ष उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमरने शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस आयोडीन दिल्यास रुग्ण शांत होतो व शस्त्रक्रिया पुष्कळ निर्धोक होते, असे दाखवून दिले. मात्र हा गुण थोडे दिवसच टिके. पुढे ग्रंथी आयोडीनला जुमानीनाशी होई. त्यामुळे आयोडीन हे शस्त्रक्रियेचे साहाय्यक राहिले, तिचा पर्याय बनले नाही. अवटु ग्रंथीच्या शस्त्रक्रियेस शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्या थिओडोर कोखर याला १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पण केवळ पोटात घ्यावयाच्या औषधाने हा रोग दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येईल, अशी कल्पना तेव्हा कोणाच्या समोर नव्हती.

२. कोबी, मोहरीवर्गीय बी आणि उंदीर

अशा औषधाचा मागोवा ज्यांनी काढला, त्यांपैकी बहुतेकांचे लक्ष मुळी या रोगाकडे नव्हते. १९२८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील चेस्नी व त्याचे सहकारी उपदंशाच्या अभ्यासासाठी ससे पाळीत होते. सशांना मुख्यतः कोबी खावयास मिळे, आणि त्यांच्या गळ्यात मोठमोठे गलगंड आढळून आले. पुढे १९४१ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये केनेडी व पर्व्हज यांनी मोहरीच्या वर्गातील रेप या वनस्पतीचे बी उंदरांना चारून तसाच परिणाम पाहिला. याच सुमारास जॉन्स हॉपकिन्समध्येच दोन निराळी निरीक्षणे झाली. मॅकेंझी दांपत्य व मॅकॉलम हे आतड्यातील जंतूंवर प्रयोग करताना उंदरांना सल्फाग्वानिडीन देत होते. रिक्टर व क्लिस्बी यांनी फेनिलथायोयूरिया हे कडू द्रव्य दिले होते. दोन्ही ठिकाणी उंदरांच्या अवटु ग्रंथी फुगल्या.

ग्रंथी मोठी झाली याचा अर्थ ती अधिक काम करीत आहे, असा प्रथमदर्शनी तर्क होतो. वस्तुस्थिती उलट होती. या द्रव्यांमुळे ग्रंथीतील संप्रेरकाची निर्मिती खुंटते. रक्तातील संप्रेरक कमी झाल्याची जाणीव पोष ग्रंथीस होते, ती अधिक चेतना देते आणि त्या चेतनेने अवटु ग्रंथी आकाराने वाढते, परंतु कार्याने वाढत नाही. हा उलगडा होताच पुढची पायरी दृष्टिपथात आली. निरोगी उंदरात जो दोष ठरतो, तोच अतिस्रावाच्या रुग्णात गुण ठरू शकेल.

ही पायरी बॉस्टनच्या एडविन ॲस्टवुडने चढली. शंभरांहून अधिक रासायनिक द्रव्ये उंदरांवर पारखून त्याने थायोयूरिया व थायोयुरासिल ही दोन निवडली आणि मे १९४३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. या कार्याबद्दल १९५४ मध्ये त्यास लास्कर पारितोषिक मिळाले. मानवी वैद्यकात अवटुरोधक औषधांचे युग येथून सुरू झाले.

३. पहिला अपाय : श्वेत पेशींचा ऱ्हास

या नव्या युगाच्या पहिल्याच निबंधात त्याच्या धोक्याचीही नोंद आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उपचार केलेल्या पहिल्या मोजक्या रुग्णांपैकीच एकाच्या रक्तातील कणयुक्त श्वेत पेशी धोकादायक प्रमाणात नाहीशा झाल्या. या अवस्थेस ॲग्रॅन्युलोसायटोसिस असे नाव आहे. या पेशी जंतूंशी लढणारे शरीराचे पहिले सैन्य होत. त्या नाहीशा झाल्या म्हणजे घसा, तोंड व फुप्फुसे यांतील साधा संसर्गही थोड्या तासांत प्राणघातक होऊ शकतो.

थायोयुरासिलचा वापर झपाट्याने पसरला आणि अपायांच्या नोंदीही वाढत गेल्या. १९४६ मध्ये अमेरिकेत ५,७४५ रुग्णांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा या औषधाचे अपाय उपेक्षणीय नाहीत हे स्पष्ट झाले. त्याचा परिणाम असा झाला की मूळ औषध मागे पडून त्याच कुळातील अधिक सौम्य द्रव्यांचा शोध सुरू झाला. प्रोपिलथायोयुरासिल १९४७ पासून अमेरिकेत उपलब्ध झाले. १९४९ मध्ये मेथिमाझोल आले. आणि १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये लॉसन, रिमिंग्टन व सर्ल यांनी कार्बिमाझोल पुढे आणले. कार्बिमाझोलचे शरीरात मेथिमाझोलमध्येच रूपांतर होते; १० मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे सुमारे ६ मिलिग्रॅम मेथिमाझोल असा हिशेब मांडला जातो. दोन गोळ्यांवरील मिलिग्रॅमचा आकडा सारखा असला तरी त्यांची मात्रा सारखी नसते, हे त्यावरून दिसून येईल.

नव्या औषधांनी धोका कमी केला, नाहीसा केला नाही. आजच्या औषधांबाबत श्वेत पेशींचा असा ऱ्हास हजारी सुमारे दोन ते पाच रुग्णांत आढळतो. तो बहुतांशी उपचाराच्या पहिल्या तीन महिन्यांत होतो. तथापि पुढे केव्हाही, विशेषतः काही काळ बंद केलेले औषध पुन्हा सुरू केल्यावर, तो उद्भवू शकतो. तो एकाएकी होतो, हा त्याचा सर्वांत घातक विशेष होय. आज तपासलेले रक्त ठीक असले तरी पुढील आठवड्याचा भरवसा त्यावरून देता येत नाही.

४. पहारा कोणी करावयाचा ?

या विशेषातूनच एक दीर्घ वाद निर्माण झाला. रक्ताची नियमित तपासणी करून धोका हेरावयाचा, की रुग्णास लक्षणे समजावून देऊन त्याच्या स्वतःच्या जागरूकतेवर विसंबावयाचे ? जपानमध्ये पहिला मार्ग स्वीकारला गेला. तेथे उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरवड्यास श्वेत पेशी मोजण्याचा दंडक आहे. १९९० मध्ये जपानी चिकित्सकांनी १५,३९८ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांत ५५ जणांना हा अपाय झाला होता आणि त्यांतील पुष्कळांत तो लक्षणे दिसण्यापूर्वीच तपासणीत हाती लागला होता. ब्रिटन व अमेरिका येथील चिकित्सकांनी सामान्यतः दुसरा मार्ग पसंत केला. अपाय विरळ आहे, तो अकस्मात होतो, आणि दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत रुग्णास खोटा दिलासा मिळण्याचा संभव असतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. उपचारापूर्वी एकदा श्वेत पेशी व यकृताच्या चाचण्या करून ठेवाव्यात, आणि पुढे लक्षण दिसताच त्याच दिवशी रक्त तपासावे, असा त्यांचा सर्वसाधारण प्रघात आहे.

दोन्ही पक्षांना आपापली बाजू आहे. तथापि एका मुद्द्यावर त्यांच्यात मतभेद नाही. ताप, घसा दुखणे अथवा तोंडात व्रण येणे यांपैकी काहीही झाल्यास रुग्णाने औषधाची पुढील मात्रा न घेता विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी व श्वेत पेशींची मोजणी त्याच दिवशी करवून घ्यावी. मोजणी ठीक निघाल्यास औषध पुन्हा सुरू करावयाचे की नाही, हे चिकित्सकाने ठरवावयाचे असते. पेशी खरोखरीच नाहीशा झालेल्या असल्यास ते औषध कायमचे वर्ज्य होते. इतकेच नव्हे, तर त्याच कुळातील दुसरे औषधही दिले जात नाही. अंगावर पुरळ वा खाज येणे हा याहून पुष्कळ सामान्य व बहुधा सौम्य अपाय होय. पण तोही चिकित्सकाच्या कानावर घालणे श्रेयस्कर.

५. दुसरा अपाय : गर्भ

अतिस्राव हा पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो, आणि पुष्कळदा तरुण वयात. त्यामुळे गर्भाचा प्रश्न अटळ होता. १९७२ मध्ये मिलहॅम व एलेज यांनी मेथिमाझोल घेतलेल्या मातांच्या अर्भकांत डोक्याच्या त्वचेचा काही भाग न बनल्याची उदाहरणे नोंदविली. पुढे नाकाचा मागील मार्ग बंद असणे व अन्ननलिकेचे दोष अशीही व्यंगे त्यांत गणली जाऊ लागली. प्रोपिलथायोयुरासिल या बाबतीत बरे, असे मत रूढ झाले. परंतु १९१३ मध्ये नव्हे, तर त्यानंतर एका शतकाने, २०१३ साली, डेन्मार्कमध्ये आठ लक्षांहून अधिक बालकांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्या मतालाही मुरड घालावी लागली. औषध न घेतलेल्या मातांच्या बालकांत जन्मजात दोषांचे प्रमाण शेकडा ५.७ होते, मेथिमाझोल वा कार्बिमाझोल घेतलेल्यांत ते ९.१, तर प्रोपिलथायोयुरासिल घेतलेल्यांत ८.० आढळले. दुसऱ्या औषधाचे दोष मात्र सामान्यतः कमी गंभीर स्वरूपाचे होते.

येथे एक विपरीत निष्कर्ष काढला जाण्याचा संभव असतो. गर्भ राहताच औषध आपल्या मनाने टाकून देणे हा यावरील उपाय नव्हे. अनियंत्रित अतिस्राव हाही माता व गर्भ या दोघांस घातक आहे. त्यातून गर्भपात, अकाली प्रसूती व मातेच्या हृदयावरील ताण संभवतो. म्हणून आजचा प्रघात असा आहे की, संतती हवी असल्यास तत्पूर्वीच चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. गर्भाची शंका येताच तत्काळ कळवावे. आणि औषध आवश्यकच असेल तर गर्भावस्थेच्या पहिल्या सोळा आठवड्यांत प्रोपिलथायोयुरासिल, तेही शक्य तितक्या अल्प मात्रेत, द्यावे.

६. तिसरा अपाय : यकृत

प्रोपिलथायोयुरासिलची कथा औषधाच्या प्रतिष्ठेबाबत सावध करणारी आहे. १९४७ पासून ते निर्वेधपणे वापरले जात होते. मुलांनाही दिले जात होते. यकृताच्या इजेची तुरळक उदाहरणे आरंभापासून नोंदली गेली, परंतु ती विखुरलेली राहिली. अखेर २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपल्या संग्रहातील नोंदी एकत्र केल्या, तेव्हा यकृताच्या गंभीर इजेची ३२ उदाहरणे समोर आली. त्यांत २२ प्रौढ व १० मुले होती, आणि काहींचा मृत्यू झाला होता, तर काहींना यकृताचे प्रत्यारोपण करावे लागले होते. एप्रिल २०१० मध्ये या औषधाच्या वेष्टनावर सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापणे आवश्यक ठरविण्यात आले. तेव्हापासून मुलांसाठी ते टाळले जाते व प्रौढांतही मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल यांसच प्रथम पसंती दिली जाते. औषध बाजारात आल्यापासून इशारा छापला जाईपर्यंत त्रेसष्ट वर्षे लोटली. विरळ अपाय एकेका चिकित्सकाच्या अनुभवात मावत नाही. तो दिसण्यासाठी नोंदींची संस्था लागते, हा याचा बोध होय.

रुग्णाच्या दृष्टीने यातून सूचनांच्या यादीत आणखी काही लक्षणांची भर पडली : डोळे वा त्वचा पिवळी होणे, लघवी गडद होणे, शौचाचा रंग फिका पडणे, सर्वांगास खाज, अन्नावरील वासना जाणे व पोटाच्या वरच्या उजव्या बाजूस दुखणे. पुढे २०१९ मध्ये युरोपात व ब्रिटनमध्ये कार्बिमाझोलच्या संदर्भात स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचाही इशारा दिला गेला. पोटात असह्य वेदना झाल्यास औषध थांबवून त्वरित उपचार घ्यावेत, असे त्याचे तात्पर्य आहे.

७. मात्रा व काल यांचा विवेक

अपायांचा हा इतिहास पाहून या औषधांविषयी अकारण भय बाळगणे मात्र युक्त ठरणार नाही. बहुसंख्य रुग्ण ती सुखरूपपणे घेतात. किंबहुना अर्धवट ज्ञानाने औषध अनियमित घेणे वा अकस्मात सोडणे यातून होणारी हानीही लहान नाही. उपचाराविना वा उपचार तुटल्याने अतिस्राव उफाळला, तर तीव्र ताप, बुद्धिभ्रम व हृदयाची अनावर गती असे प्राणसंकट ओढवू शकते.

अनियमितपणाचे एक कारण औषधाच्या कार्यपद्धतीतच आहे. ते नव्या संप्रेरकाची निर्मिती रोखते. ग्रंथीत आधीच साठलेल्या संप्रेरकावर त्याचा प्रभाव नाही. हा साठा संपण्यास काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या पंधरवड्यात गुण न आल्यासारखे वाटते आणि मात्रा आपणहून वाढविण्याचा वा औषध निरुपयोगी ठरवून सोडण्याचा मोह होतो. १९६४ मध्ये जेम्स ब्लॅक व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रोप्रॅनोलोलने या मधल्या काळाची सोय झाली; ते धडधड व कंप शमविते, मूळ रोग नव्हे. दम्याच्या रुग्णास ते अपायकारक ठरू शकते.

उलट, गुण आल्यावर मूळ मात्रा तशीच चालू ठेवल्यास ग्रंथी मंदावून वजनवाढ, थंडी व सुस्ती अशी विरुद्ध लक्षणे येतात. म्हणून आरंभी दर चार ते सहा आठवड्यांनी रक्तातील संप्रेरके मोजून मात्रा उतरवीत नेली जाते. ग्रेव्ह्जच्या रोगात हा उपचार बहुधा बारा ते अठरा महिने चालतो. त्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांत रोग परततो. याचे कारण १९५६ मध्ये दृष्टीस पडू लागले. मोहरीवर्गीय बियांवर प्रयोग करणाऱ्या त्याच पर्व्हजने ॲडम्ससह या रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ चेतविणारा एक घटक दाखवून दिला. तो शरीराच्याच प्रतिकारशक्तीतून उपजलेले प्रतिपिंड असल्याचे पुढे सिद्ध झाले. औषध ग्रंथीस आवरते, परंतु चेतविणारे मूळ प्रत्येक वेळी निपटतेच असे नाही. रोग परतल्यास किरणोत्सर्गी आयोडीन अथवा शस्त्रक्रिया यांचा विचार केला जातो, किंवा अल्प मात्रेत औषध पुढे चालू ठेवले जाते.

८. समारोप

या वृत्तान्तात एक सूत्र स्पष्ट दिसते. औषधाचा गुण प्रयोगशाळेत सिद्ध झाला. त्याचा निर्धोकपणा मात्र प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपली वा औषधाची चूक लिहून ठेवल्यामुळे वाढला. ट्रूसोने आपली चूक लपविली असती, ॲस्टवुडने पहिल्याच निबंधात अपाय गाळला असता, तर पुढील मार्ग अधिक लांबला असता. यकृताच्या बाबतीत नोंदी विखुरल्या राहिल्या, तेथे तो लांबलाच.

दुसरे सूत्र असे की, ज्ञानाचा हा सारा संचय शेवटी रुग्णापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचला तरच सार्थ होतो. घसा दुखू लागला की हळद-मिठाच्या गुळण्या करून दोन दिवस वाट पाहावी, ही महाराष्ट्रातील घरोघरची रीत आहे आणि एरवी तीत वावगे काही नाही. परंतु ज्याच्या उशाशी कार्बिमाझोलची बाटली आहे, त्याच्या बाबतीत ते दोन दिवस निर्णायक ठरू शकतात. त्याला, आणि त्याच्या घरातील माणसांना, हा भेद माहीत असणे हेच ऐंशी वर्षांच्या या अनुभवाचे सर्वांत मोलाचे फळ होय. औषधाची चिठ्ठी लिहिताना ही गोष्ट तोंडाने सांगण्यास एक मिनिटही लागत नाही. तेवढे मिनिट न दिल्यास मागील सारे संशोधन त्या एका रुग्णापुरते व्यर्थ ठरते.